घराणी राहिली, ओळख गेली

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत आम्हाला मत नव्हतं, पण ती निवडणूक आमचीच होती. हिंगणघाटात प्रचाराची जीप आळीत शिरली की हातातलं दप्तर पायरीवर टाकून आम्ही पोरं तिच्यामागे धावायचो. मागे बसलेला कार्यकर्ता मूठभर बिल्ले हवेत उडवायचा आणि धुळीत ते पत्र्याचे तुकडे शोधताना गुडघे फुटायचे. त्या वर्षी गाय-वासराचे बिल्ले ढिगाने मिळत होते. काँग्रेस फुटली होती, जुनी बैलजोडी दोघांपैकी कोणालाच मिळाली नव्हती. संघटना काँग्रेसकडे चरखा चालवणारी बाई आली होती. बाईचा बिल्ला दुर्मीळ, म्हणून त्याच्या बदल्यात तीन गाय-वासरं असा आमच्या आळीतला भाव होता. त्या फुटीत काय तुटलं हे आम्हाला कळत नव्हतं. घरातल्या थोरांना कळत होतं, कारण बैलजोडी आणि बजाज ही दोन नावं त्यांनी तोवर एकत्रच ऐकली होती. १९५२ ला वर्ध्याचे पहिले खासदार झाले श्रीमन्नारायण अग्रवाल, म्हणजे जमनालाल बजाजांचे जावई. १९५७, ६२ आणि ६७ ला निवडून आले कमलनयन बजाज, म्हणजे जमनालालजींचा मुलगा. १९७१ ला जगजीवनराव कदम निवडून गेले, तेव्हा एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या घराबाहेरचा माणूस वर्ध्याचा खासदार झाला.

आज बिल्ले नाहीत. भिंतींवर गेरूने आणि निळीने काढलेली चिन्हंही नाहीत. शेषनसाहेब मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि नव्वदच्या दशकात भिंती स्वच्छ झाल्या. ते चांगलंच झालं. घर आमचं आणि भिंतीवर चिन्ह दुसऱ्याचं, तेही न विचारता, हे आम्ही वर्षानुवर्षं सोसलं होतं. आता चौकात फ्लेक्स लागतो. वर मोठा चेहरा वडिलांचा, त्याखाली त्याहून मोठा मुलाचा, बाजूला चिमण्या चेहऱ्यांची रांग आणि 'भावी' या शब्दामागे एखादं पद. लहान मुलं त्या फ्लेक्सकडे बघत नाहीत. त्यांना त्यातून काही मिळत नाही, आणि मिळावं असंही कोणाला वाटत नाही.

जमनालाल बजाजांना आमच्या पिढीने पाहिलेलं नाही. ते ११ फेब्रुवारी १९४२ ला वर्ध्यात गेले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याच गावात काँग्रेस कार्यकारिणीने 'चले जाव'चा ठराव केला. आम्हाला ते कळले आजोबांच्या तोंडून. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातलं पोर वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक आलं आणि मोठेपणी गांधीजींचा पाचवा मुलगा म्हणवलं गेलं, ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली की ती आमच्याच घरात घडली असं वाटायचं. पण आजोबा त्या माणसाच्या संपत्तीबद्दल फारसं बोलायचे नाहीत. ते एकेक करून सांगायचे ते त्याने काय काय सोडलं याबद्दल. इंग्रजांनी दिलेली रायबहादुरी १९२१ ला परत केली. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९२८ ला घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांसाठी उघडलं आणि आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेतला. सेगावातली बरीचशी जमीन त्यांचीच होती. तिथे गांधीजी १९३६ ला राहायला गेले आणि पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं. जानकीदेवींनी दागिने उतरवले, पडदा पद्धत सोडली, पुढे विनोबांच्या भूदानात विहिरींचं दान मागत गावोगाव हिंडल्या. १९५६ ला त्यांना पद्मविभूषण मिळालं. आजोबांच्या लेखी ही सगळी त्या घराण्याची पुण्याई होती, आणि पुढच्या पिढीला मत द्यायला ती पुरेशी होती.

आता त्या पुरेसेपणाकडे आम्ही शंकेने पाहतो. सासऱ्याने तुरुंगवास भोगला म्हणून जावयाला मत का द्यायचं? बापाने मंदिर उघडलं म्हणून मुलाला संसदेत का पाठवायचं? श्रीमन्नारायणजी विद्वान होते, वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्राचार्य होते, १९४४ ला त्यांनी गांधीवादी योजना लिहिली होती, पुढे नेपाळात राजदूत आणि गुजरातचे राज्यपाल झाले. त्यांची लायकी कोणी नाकारणार नाही. पण तेवढ्याच लायकीचा एखादा मास्तर, एखादा गिरणीकामगार, एखादी महार वस्तीतली शिकलेली मुलगी १९५२ ला वर्ध्यातून उभी राहू शकली असती का? उत्तर आम्हाला ठाऊक आहे. गावोगावी मालगुजारी कागदावरून १९५१ ला गेली, पण वाड्यावरून येणारा निरोप गेला नाही. मतदानाच्या आदल्या रात्री गडी यायचा, ओसरीत उभ्याउभ्या चिन्ह सांगून जायचा, आणि सकाळी अख्खी वस्ती बंड्या जुंपून त्या चिन्हावर शिक्का मारून यायची. बायका नवऱ्याला विचारून, नवरे पाटलाला विचारून, पाटील वाड्याला विचारून. त्याला आम्ही जिव्हाळा म्हणायचो. त्यात किती भीती होती हे ज्यांना भीती वाटत होती त्यांनाच ठाऊक, आणि त्यांना कोणी विचारलं नाही.

घराणी त्यानंतरही आली, आणि आजही आहेत. प्रभा राव १९७२ ला पुलगावातून आमदार झाल्या. पुढे मंत्री, प्रदेशाध्यक्ष, १९९९ ला वर्ध्याच्या खासदार आणि शेवटी राज्यपाल. त्यांचे भाचे रणजित कांबळे १९९९ पासून पंचवीस वर्षं आमदार राहिले, आधी पुलगाव आणि नंतर देवळी मतदारसंघातून. कन्या चारूलता टोकस २०१९ ला लोकसभेला उभ्या राहिल्या. दत्ता मेघे १९९८ आणि २००९ ला वर्ध्यातून निवडून गेले. त्यांचे एक चिरंजीव सागर २०१४ ला वर्ध्यातून लढले, दुसरे समीर त्याच वर्षी हिंगण्यातून आमदार झाले. आर्वीचे डॉ. शरद काळे आमदार होते, त्यांचे चिरंजीव अमर काळे आमदार झाले आणि २०२४ ला वर्ध्याचे खासदार. त्याच वर्षी विधानसभेला त्यांच्या पत्नी मयुरा काळे आर्वीतून उभ्या होत्या.

पण हीच यादी दुसऱ्या बाजूने वाचली तर आमच्या जिल्ह्याचा अभिमान वाटतो. २००४ ला सुरेश वाघमारेंनी प्रभा रावांना हरवलं. २०१४ ला सागर मेघे आणि २०१९ ला चारूलता टोकस हरल्या ते रामदास तडस या पैलवानाकडून. २०२४ ला देवळीत रणजित कांबळे पडले, आर्वीत मयुरा काळे पडल्या. वसंत साठे मोठे नेते, १९८२ ला देशात रंगीत टीव्ही आला तेव्हा त्या खात्याचे मंत्री आणि आमचे खासदार. त्यांनाही १९९१ ला बाजूला सारून आम्ही मार्क्सवादी पक्षाचे रामचंद्र घंगारे निवडून दिले. आणि आमच्या हिंगणघाट विधानसभेने १९९५ ला शिवसेनेचे अशोक शिंदे, २००४ ला राष्ट्रवादीचे राजू तिमांडे आणि २०१४ पासून सलग तीनदा भाजपचे समीर कुणावार निवडले. म्हणजे निरोपावर मत देणारा तो मतदार आता उरला नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला जे १९७१ ला एकदाच जमलं, ते आमच्या मुलांच्या पिढीने नेहमीचं करून टाकलं. ही प्रगती आहे आणि ती खरी आहे.

मग हळहळ कशाची वाटते?

जुन्या हिंगणघाटात कोणत्याही अनोळखी पोराला पहिला प्रश्न एकच असायचा, 'कोणाचा रे तू?' नाव नंतर, शाळा नंतर. बाजार समितीच्या आवारात कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली असायची. त्या रांगेतून वाट काढताना चार जण तरी थांबवायचे. आपण वडिलांचं नाव सांगायचं, मग समोरचा आजोबांचं नाव स्वतःच सांगायचा, मग आपल्याला ठाऊक नसलेली आपल्याच घरातली एखादी गोष्ट सांगायचा. कोणाच्या आजोबांनी दुष्काळात ज्वारीचं पेव उघडलं, कोणाच्या आजोबांनी वजनात मारलं, कोणी बहिणीचा हिस्सा बुडवला, कोणी मोहता गिरणीच्या संपात शेजाऱ्याच्या पोरांना जेवू घातलं. गिरणीचा भोंगा झाला की रस्ताभर कापसाची भुरी अंगावर घेतलेली माणसं बाहेर पडायची आणि तीही एकमेकांना तीन पिढ्यांनी ओळखायची. उमेदवार हा त्याच जाळ्यातला एक धागा होता. त्याने भाषण केलं नाही तरी चालायचं, कारण त्याचं सगळं आधीच ठाऊक होतं. कोणी विचारलं, 'कसा माणूस आहे?' तर उत्तर त्याच्या बापापासून सुरू व्हायचं आणि त्यात त्याच्या आईची माणुसकीही मोजली जायची.

त्याच ओळखीने माणसांचे गळेही आवळले. ज्याचा बाप चोर ठरला, त्याच्या पोराला गावात उधारी मिळेना. ज्याची जात खालची मानली, त्याला 'कोणाचा' या प्रश्नाचं उत्तर देतानाच मान खाली घालावी लागे. आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा मॅट्रिक होताच नागपूरला गेला आणि परतला नाही. तिथे मला कोणी कोणाचा म्हणून विचारत नाही, असं त्याने पत्रात लिहिलं होतं. तेव्हा ते वाचून आम्हाला वाईट वाटलं. त्याला किती मोकळं वाटलं असेल ते उमगायला आम्हाला अर्धं आयुष्य लागलं.

आज गाव वाढलं. वणा नदीच्या अलीकडे-पलीकडे नव्या वसाहती झाल्या, शेजारी बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. कोणाचा, हे कोणी विचारत नाही. पण आडनाव मात्र फ्लेक्सवर अजून तेच आहे, आणि पक्षाची तिकिटं अजून आडनाव बघून दिली जातात. आमची हळहळ इथे आहे. घराण्यामागे उभी असलेली ओळख पुसली गेली आणि घराणं तेवढं उरलं. पूर्वी आडनावाबरोबर हिशोब यायचा, चांगला आणि वाईट दोन्ही. आता नुसतं आडनाव येतं. आजोबांनी सोडलेल्या गोष्टींची यादी पुढच्या पिढीला द्यावी लागत होती, त्या यादीवर त्या पिढीचं तोलमाप होत होतं. आता नातवाचा वाढदिवस येतो आणि चौकात केक कापला जातो.

मतदानाचा दिवसही तसाच. आमची पिढी मतदार झाली तेव्हा वय एकवीस लागायचं. अठरा झालं ते १९८९ पासून. आमचं पहिलं मत १९८४ चं. त्याआधी घरात शिकवणी व्हायची. आईला आणि आजीला वर्तमानपत्राचा तुकडा मतपत्रिकेएवढा कापून द्यायचा, त्यावर पेन्सिलीने चिन्हं काढायची आणि शिक्का कुठे मारायचा ते दाखवायचं. शिक्क्यापेक्षा घडीला महत्त्व जास्त होतं. आधी उभी घडी, मग आडवी. ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली की मत बाद. आजीने ती घडी चुलीजवळ बसून किती वेळा घातली असेल! तिला लिहिता येत नव्हतं, पण त्या कागदाच्या घडीत आपण काहीतरी नीट ठेवत आहोत अशी तिची मुद्रा असायची. सकाळी न्हाऊन, नवं लुगडं नेसून, कुंकू लावून ती शाळेतल्या बूथवर जायची. वाटेत पक्षाचे टेबल, टेबलावर मतदार यादी, यादीतून नाव शोधून चिठ्ठी लिहिणारा एखादा तरुण. त्याचं अक्षर सुंदर असायला हवं अशी जणू अटच होती. चिठ्ठीवर आजीचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, कोणीतरी कागदावर लिहायचं ते पाच वर्षांतून एकदा. ती चिठ्ठी ती परत आणायची आणि देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवायची.

आता यंत्र आहे. २००४ च्या लोकसभेला ते देशभर आलं, २०१९ ला त्याला जोडलेल्या पेटीत सात सेकंद चिठ्ठी दिसू लागली. बाद मत नाही, घडी नाही, शाई उमटण्याची धास्ती नाही. २०१३ पासून कोणीच नको म्हणण्याचाही हक्क आहे, जो आमच्या आजीला वाड्याच्या निरोपासमोर फार उपयोगी पडला असता. आमची सून एकटी जाते, मत देते, बोटाचा फोटो काढते आणि कोणाला दिलं ते घरात सांगत नाही. विचारण्याची आमचीही हिंमत नाही, आणि नसावीच. आजीचं मत आजोबांना आधीच ठाऊक असायचं. आता सांगा, यातलं कोणतं मतदान अधिक स्वतंत्र? सूनबाईंचंच. तरी ती कागदाची घडी आठवली की आतून हलायला होतं.

मोजणीचं तर वेगळंच. मतपत्रिका उलगडायच्या, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे, बाद मतावर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी हमरीतुमरीवर यायचे. दिवस मावळायचा, रात्र उलटायची. बाहेर मैदानात सतरंजी टाकून माणसं बसून. कोणीतरी चहाची किटली फिरवायचं, कोणीतरी तर्रीपोह्याची कढई लावायचं. फेरीचा आकडा आला की तो पाटीवर खडूने लिहिला जायचा आणि विरोधी पक्षाचा माणूसही आपल्याच वहीत तो उतरवून घ्यायचा. त्या रात्री हरणारा आणि जिंकणारा यांची माणसं एकाच सतरंजीवर होती. पहाटे निकाल लागल्यावरच ती वेगळी व्हायची. उमेदवाराच्या घरातली पोरं आमच्याबरोबर तिथेच पेंगायची. पुढे त्यातलं कोणी राजकारणात आलं, तर आम्ही त्याला सतरंजीवर लाळ गाळताना पाहिलेलं असायचं. आता दुपारपर्यंत कल स्पष्ट होतात. गुलाल आधीच आणून ठेवलेला असतो आणि हरलेल्याच्या कार्यालयाचं शटर जेवणाच्या आत खाली येतं. पारदर्शक आहे, वेगवान आहे. जागरण करायची गरज नाही हे मान्य. पण ते जागरण एकत्र होतं.

बाहेरच्या जगातली घराणीही आमच्या जिल्ह्यात येऊन गेली. १९७७ ला सत्ता गेल्यावर इंदिरा गांधी पवनारला विनोबांना भेटायला आल्या. राजीव गांधींनी १९८६ ला सेवाग्रामात झाड लावलं आणि २ ऑक्टोबर २०१८ ला राहुल गांधींनी त्याच्याजवळ दुसरं लावलं. त्या दिवशी जेवणानंतर सोनिया आणि राहुल यांनी आपली ताटं स्वतः धुतली. आश्रमाचा तो नियम आहे, तिथे जेवणारा प्रत्येक जण ताट धुतो. पण दूरचित्रवाणीवर ती बातमी झाली, आणि आम्हाला वाईट वाटलं ते त्याचंच. घराणी अमेरिकेतही आहेत. जॉन अॅडम्स दुसरे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी सहावे. पुढच्या पिढीतला मुलगा मुत्सद्दी झाला, त्यापुढच्या पिढीतला हेन्री इतिहासकार झाला आणि घराणं निवडणुकीतून आपसूक बाजूला झालं. केनेडींचं तसं झालं नाही. १९६३ च्या नोव्हेंबरात जॉन केनेडी मारले गेले, त्यानंतर पिढी दर पिढी त्या घरातलं कोणी ना कोणी उभं राहत आलं, आणि २०२० ला त्यांच्याच मॅसॅच्युसेट्समध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी लढलेले तिसरे जो केनेडी हरले. तिथल्या निवडणुकीत त्या घरातलं कोणी त्याआधी हरलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्सला ते २०२० ला जमलं. वर्ध्याने घराण्याबाहेरचा माणूस १९७१ लाच निवडून पाठवला होता.

बजाजांचं पुढे अॅडम्ससारखं झालं असं म्हणता येईल. लोकसभेची वाट १९७१ ला थांबली, घर उद्योगाकडे वळलं. कमलनयनजींचे चिरंजीव राहुल बजाज २००६ ला महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेत गेले, चार वर्षं राहिले, आणि ते तेवढंच. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात ते गृहमंत्री अमित शहांसमोर उभे राहिले आणि सरकारवर उघड टीका करायला उद्योगपती घाबरतात, असं त्यांनी सांगितलं. आपलं राहुल हे नाव जवाहरलालजींनी ठेवलं, हेही त्याच बोलण्यात आलं. तो प्रसंग आम्ही मोबाइलवर पाहिला आणि आजोबांच्या यादीत भर पडल्यासारखं वाटलं. पद नसताना, मत मागायचं नसताना म्हातारपणी हे बोलणं म्हणजे त्या घराचा वारसा. तिकिटापेक्षा मोठा.

आमच्या लहानपणी लोकप्रतिनिधीला पोस्टकार्ड टाकायची रीत होती. पंधरा पैशांचं कार्ड, बाजूला समास सोडून लिहिलेलं, वर 'सप्रेम नमस्कार' आणि खाली 'आपला नम्र'. विषय असायचे विहिरीची मोटर, बदली, राहिलेली पेन्शन, कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर अडकलेला चुकारा. उत्तर बहुधा टंकलिखित आणि ठरावीक असायचं: आपले पत्र मिळाले, योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित खात्याकडे पाठविण्यात आले आहे. काम व्हायचं फार क्वचित, हे सांगायला हवं. चुकारा तर कास्तकाराला महिनोन्महिने मिळत नसे. तरी ते उत्तर घरात वाचून दाखवलं जायचं, खालची सही खरी की शिक्क्याची यावर चर्चा व्हायची, आणि कार्ड आरशामागे खोचलं जायचं. आज लोकप्रतिनिधीचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. सकाळी त्यांच्याकडून शुभेच्छा येतात, एकादशीला, गुढीपाडव्याला, आपल्या वाढदिवसालासुद्धा. आपण काही लिहिलं की दोन निळ्या खुणा दिसतात. काम मात्र पूर्वीपेक्षा लवकर होतं, कारण दाखले सेतू केंद्रात मिळतात, पैसे थेट खात्यात येतात, मध्ये कोणाची चिठ्ठी लागत नाही. गरिबाला कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, यापेक्षा मोठं काय हवं? आणि तरीही आम्ही आरशामागचं कार्ड विसरत नाही.

मागच्या विधानसभेला आमच्या पुतणीने मतदानाआधी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मोबाइलवर उघडली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालापासून हे प्रत्येकाला भरावं लागतं. किती जमीन, किती कर्ज, किती गुन्हे, शिक्षण काय, पत्नीचं सोनं किती, सगळं. आम्ही चाळिशीपर्यंत ज्या घराण्यांना मतं दिली, त्यांच्या घरी काय होतं हे आम्हाला कधीच कळलं नव्हतं. तिला ते दहा मिनिटांत कळलं. एका उमेदवाराच्या कागदाशी ती अडली, म्हणाली, 'काका, याचे वडील पण राजकारणात होते ना? ते कसे होते?' मला नीट ठाऊक नव्हतं. म्हणून तिला घेऊन आळीच्या टोकाला राहणाऱ्या एका जुन्या गिरणीकामगाराकडे गेलो. त्यांनी खुर्ची ओढून दिली, तिला विचारलं कोणाची, आणि मग त्या उमेदवाराच्या वडिलांबद्दल बराच वेळ बोलत बसले. कोणत्या संपात ते कोणाच्या बाजूने होते, कोणाच्या लग्नात उभे राहिले, कुठे तोंड फिरवलं. पुतणी मोबाइलवर टिपून घेत होती. शेवटी तिने विचारलं, 'पण भाऊ, लोकांसाठी त्यांनी स्वतःचं असं काही सोडलं का?'

'सोडलं तं काही नाही माय,' ते म्हणाले. 'पन कार्ड टाकलं का आठ दिवसात जवाब येत होता.'